आ-तिमचं पथ्य

“पलीकडचं कुणी राहिलंय काऽऽ?”

ही हाक युकलिननं पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती उसाच्या फडात होती. हातात कोयता, डोक्याला काळं फडकं. दिवस मावळला होता. शेवटची फेरीबोट सुटायची होती आणि बोटीच्या तोंडाशी उभा राहून एक काटकुळा पोरगा नदीच्या पल्याडच्या काठाला विचारत होता. कुणी राहिलं नव्हतं. तरी त्यानं पुन्हा विचारलं, न जाणो, एखादी म्हातारी केळीच्या बागेतून पाय ओढत येत असायची. फडातल्या बायका हसल्या आणि आमच्याकडे बायका करतात तसं त्यातल्या एकीनं तिथल्या तिथं गाणं जुळवलं :

हाक मारी नावाडी, ऊस वाकून ऐकतो,
एक तीर दुसऱ्याला, कोण आला ते पुसतो.

त्या आवाजाशी युकलिननं पुढं लग्न केलं. लग्नानंतर तिला कळलं, की माणसानं सगळा आवाज धक्क्यावरच खर्चून टाकलेला आहे. घरी आणायला काही उरत नाही. “जेवलास?” “हं.” “पाणी चढलंय म्हणे?” “हं.” त्या हुंकारावर तिनं संसार केला, मुलगी वाढवली, तिला सासरी धाडलं. पण आता, ह्या वयात, ह्या इस्पितळात, तो हुंकार तिच्या डोक्यात गेला होता.

“बाई, जरा आत येता?” किरणांचा शेक देण्याच्या खोलीच्या दारातून लोईनं हाक मारली. लोई म्हणजे तिथलं यंत्र चालवणारा माणूस. युकलिन उठली. आत भिंतीला खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर पांढऱ्या जाळीचे मुखवटे टांगलेले होते, ज्याच्या त्याच्या तोंडावर गरम करून बसवलेला, ज्याचं त्याचं नाक, ज्याची त्याची हनुवटी. तो मुखवटा चढवून टेबलाला खिळवला की माणसाचं डोकं तसूभर हलत नाही आणि किरणं नाकाच्या मागं, घशाच्या वर, जिथं गाठ बसलीय तिथंच जातात.

तिचा नवरा, आ-तिम, टेबलावर निजलेला होता. लोईनं मुखवट्याच्या गालावर बोट टेकवलं. खाली गाल नव्हता.

“दोन बोटं जातात आत,” लोई म्हणाला. “हे बघा, डोकं फिरतंय. डबीत वाटाणा फिरावा तसं. शेजारी डोळ्याची नस आहे, वर मेंदू आहे. मी आज शेक देणार नाही. उद्या मुखवटा नवा, मग आखणी नवी.”

“आणि परवा तो आणखी वाळला तर?”

“तेच विचारतोय मी. किती मुखवटे करू? जत्रेत दुकान नाही टाकलेलं.”

आ-तिम उठून बसला आणि सदऱ्याची बटणं लावू लागला. त्याच्या मानेची कातडी काळवंडून चामड्यासारखी झाली होती.

“ऐकलंस?” युकलिन म्हणाली.

“ऐकलं.”

ऐकलं हा त्याचा ठरलेला शब्द. डाव्या कानाला दडा बसून वर्ष झालं होतं. इंजिनाच्या आवाजानं झालं असेल म्हणत त्यानं ते अंगावर काढलं, मग नाकातून रक्त आलं, मग मानेत लिंबाएवढी गाठ आली. ऐकलेलं असो वा नसो, तो ऐकलंच म्हणायचा.

डॉक्टर फान बाई उत्तरेच्या हुनान प्रांतातल्या. वयानं युकलिनच्या मुलीएवढ्या. आमची बोली त्या पाण्यातून चालावं तशी जपून बोलायच्या. त्यांनी बॅटरी घेऊन आ-तिमच्या तोंडात बराच वेळ पाहिलं.

“गिळताना दुखतं?”

“नाही.”

“पाणी पिताना?”

“नाही.”

“सगळं सोललंय आत. आणि दुखत नाही?”

“सवय आहे.”

डॉक्टरांनी युकलिनकडे पाहिलं. युकलिननं हात उडवले. “मला काय विचारता? फेरीबोटीच्या साखळीत ह्याची करंगळी चिरडली होती. ह्यानं दिवसभराच्या फेऱ्या पुऱ्या केल्या, घरी आला आणि मला विचारतो, ते लाल औषध कुठं ठेवलंय. मी बघते तर करंगळीचं नखच नाही.”

आ-तिम किंचित हसला. जणू कुणी त्याची तारीफ केली होती.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाल्या, “ह्या आठवड्याचं औषधाचं सलाइन मी पुढं ढकलतेय. रक्त उतरलंय, वजन उतरलंय. तुमची गाठ मानेत गेलेली आहे, म्हणून मला शेक आणि औषध दोन्ही बरोबर हवीत. औषधानं गाठ हळवी होते, मग किरणं तिला नीट जाळतात. पण वजन आणखी उतरलं तर औषध कायमचं बंद करावं लागेल. मग एकट्या शेकाच्या भरवशावर राहायचं. मला ते नको आहे.”

“शेक तरी बंद नाही ना करणार?” आ-तिमनं विचारलं. इतक्या दिवसांत त्यानं आपण होऊन विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

“नाही. मुखवटा झाला की सुरू. पण खाल्लं पाहिजे. काय खाताय?”

युकलिन ह्याचीच वाट पाहत होती. “पांढरी पेज. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेजेचं पाणी. ह्याची थोरली बहीण आहे गावाला, तिनं पथ्य लावून दिलंय. कोंबडा नको, तो उष्ण. गाईचं मांस नको, ते उष्ण. कोळंबी विखारी. बिनखवल्याचा मासा विखारी. बांबूचे कोंब गाठ वाढवतात. अंडं नको, का ते तिलाच ठाऊक. आणि तळ्यावर पाळतात तो हंस तर बघायचासुद्धा नाही, शेजाऱ्याकडे भाजत असला तर खिडकी लावून घ्यायची.”

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. “इथं सगळ्यांचं हेच. माझं ऐका. खा. मासा, अंडं, हंस, जे घशाखाली उतरेल ते.”

“ऐकलंस?” युकलिन म्हणाली.

“ऐकलं.”

इस्पितळाच्या मागच्या गल्लीत आजाऱ्यांच्या घरच्यांना खोल्या भाड्यानं मिळत. सगळ्या मजल्याला मिळून एक स्वयंपाकघर. ओळीनं शेगड्या आणि प्रत्येक पातेल्यात कुणाचा तरी आजार शिजत असायचा. युकलिननं बाजारातून ताजा गवत्या मासा आणला, आल्याचे पातळ काप घालून वाफवला, वर कडकडीत तेल ओतलं. शेजारच्या शेगडीवर च्याव-चौ गावाकडची छिउबाई मुळ्याचं काहीतरी ढवळत होती.

“आज मासा?” छिउबाई म्हणाली. “पथ्य सुटलं वाटतं.”

“डॉक्टरांनी सोडवलं.”

“नशीबवान. आमचे हे म्हणतात, जे मला आवडतं ते विखारी आणि जे डुकराला आवडतं ते औषध, असं हे पथ्य आहे.”

युकलिन बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली. हसतच ती ताट घेऊन खोलीत गेली. आ-तिम खिडकीशी बसला होता. तिनं मासा निवडून, काटे काढून, वाटीत मऊभातावर घातला.

आ-तिमनं वाटीकडे पाहिलं. “ताई नको म्हणते.”

“ताई इथं नाही.”

“कळेल तिला.”

“कसं कळेल? मासा फोन करणार आहे?”

तिनं चमचा पुढं केला, त्यानं मान वळवली. “दाजींचं काय झालं, ठाऊक आहे ना तुला,” तो भिंतीला म्हणाला.

दाजींचं काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. थोरल्या नणंदेचा नवरा ह्याच आजारानं गेला. ते दिवस वेगळे होते. औषध अपुरं, यंत्र जुनं, अर्ध्यावर उपचार सोडून त्याला घरी आणला. घरी आल्यावर सणाच्या दिवशी त्यानं हंसाची तंगडी मागितली, वन्संनी दिली. तिसऱ्या दिवशी नाकातोंडातून रक्त येऊन माणूस गेला. तेव्हापासून वन्संच्या दारात हंस फिरकला नाही. हंस पाळायचं तळंही त्यांनी विकलं.

“ते हंसानं गेले नाहीत. आजारानं गेले.”

“ताई नको म्हणते,” आ-तिम म्हणाला.

युकलिननं ती वाटी स्वतःच संपवली. रागात माणूस किती भराभर खातो. मग ती जिन्यात गेली, फोन लावला आणि सुरुवातीलाच बांध फुटला.

“वन्सं, डॉक्टरांनी सगळं खायला सांगितलंय. तुम्ही त्याला फोनवर सांगा, खा म्हणून.”

“कुठला डॉक्टर?” पलीकडून वन्संचा आवाज आला. मागं कोंबड्या ओरडत होत्या.

“बाई आहे. हुनानची.”

“हुनानची लोकं मिरच्या खातात सकाळ-दुपार. त्यांना आपल्या अंगातली उष्णता काय कळणार? तू भाज्यांचं पाणी दे.”

“भाज्यांच्या पाण्यावर नाव चालत नाही वन्सं, माणूस कसा चालेल?”

“मी त्याला आईविना वाढवलाय, युकलिन. ह्या हातानं भरवलाय. तू मला शिकवू नको.”

“मग ह्या हातानं येऊन बघा,” युकलिन म्हणाली. जिन्यात तिचा आवाज घुमला, वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. “येऊन बघा तुमच्या पथ्यानं काय केलंय. त्याच्या तोंडाचा मुखवटा केलाय इथं, तो त्याला होत नाही आता. उद्या दुसरा करणार आहेत. शेक चुकला, सलाइन चुकलं. गाठ उपाशी राहत नाही वन्सं, तो एकटाच राहतोय उपाशी.”

पलीकडे नुसत्या कोंबड्या. मग फोन बंद.

बरं झालं, असं युकलिनला वाटलं. मग वाटलं, आपण फार बोललो. मग पुन्हा वाटलं, बरं झालं. अशा फेऱ्या तिच्या मनात रात्रभर चालल्या.

सकाळी ती आ-तिमला घेऊन इस्पितळात पोचली तर बाकावर वन्सं बसलेल्या. काळी रेशमी विजार, पांढरा अंबाडा, मांडीवर बोचकं. पहाटेच्या पहिल्या बसनं आल्या असणार. युकलिनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. भावाकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. महिन्याभरात त्यांनी त्याला फक्त फोनवर ऐकलं होतं, आणि फोनवर तो नेहमी म्हणायचा, बरा आहे.

“आलीस का एवढ्या लांब?” आ-तिम म्हणाला.

“बस थेट येते,” वन्सं म्हणाल्या.

लोईनं आ-तिमला आत नेलं. नवा साचा घ्यायला वेळ लागतो, जाळी पाण्यात गरम करून तोंडावर ताणायची, ती गार होऊन ताठ होईपर्यंत थांबायचं. जाताना त्यानं जुना मुखवटा युकलिनच्या हातात दिला होता. “हा आता कामाचा नाही. काही लोक घरी नेतात.”

युकलिनला बोलायचं होतं. रात्रभर घासून ठेवलेली दहा वाक्यं तिच्याकडे तयार होती. पण वन्संनी हात पुढं केला, तिनं मुखवटा दिला. वन्संनी तो मांडीवर उताणा ठेवला. त्यातून त्यांचा भाऊ वर पाहत होता, भरल्या गालांचा, उपचार सुरू झाला त्या दिवशीचा. त्यांनी जाळीच्या गालावरून तळवा फिरवला, मग कपाळावरून. लहान पोराचं तोंड पुसावं तसा.

तेवढ्यात दार उघडलं आणि आ-तिम बाहेर आला. वन्संनी मुखवटा उचलून त्याच्या चेहऱ्याजवळ धरला. जाळी आणि गाल यांच्या मधून त्यांचा हात आरपार गेला.

त्यांनी मुखवटा युकलिनला परत दिला, बोचकं उचललं आणि तरातरा चालत्या झाल्या.

“रागावली ताई,” आ-तिम म्हणाला.

“रागावू दे,” युकलिन म्हणाली. “रागावणंसुद्धा तोंडानं नाही तुमच्या घरात.”

खोलीवर आल्यावर तिनं कपडे धुवायला काढले. कपडे पिळता पिळता तिच्या लक्षात आलं, की आपण वाट पाहतोय. वन्सं परत गेल्या असतील तर आता आ-तिमला हलवणारं दुसरं कुणी नाही. त्या बाईच्या एका शब्दाखातर तो उपाशी राहत होता, तर त्याच बाईच्या एका शब्दानं जेवला असता. आणि आपण त्याच बाईला जिन्यात उभं राहून काय काय बोललो.

दुपारी स्वयंपाकघरातून छिउबाई धावत आली. “अगं, तुमच्याकडची एक आजी आलीय. माझी शेगडी घेऊन बसलीय आणि मला विचारते, ह्या सुरीला धार कधी लावली होती. चल बघायला.”

युकलिन दारात थबकली. वन्सं शेगडीपुढं बसल्या होत्या. बाह्या वर खोचलेल्या, आणि फळीवर हंस. अख्खा, सोललेला, बाजारातून नुकता आणलेला. वन्सं त्याचं मांस हाडावरून सुटं करत होत्या. सुरी कुठं चुकत नव्हती. बारीक, आणखी बारीक, मग कुटून, मग पेजेत घालून त्या ढवळत राहिल्या. सगळ्या शेगड्यांवरच्या बायका आपापली पातेली सोडून बघत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी हंसाला हात लावलेला नाही हे त्या स्वयंपाकघरात युकलिनशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी मोठं चाललंय हे बायकांना सांगावं लागत नाही.

“वन्सं, मी करते,” युकलिन म्हणाली.

“तू आलं किस,” वन्सं म्हणाल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “काल तुझा आवाज इतका चढला होता, की कोंबड्या खुराड्यात शिरल्या.”

“चुकलंच माझं.”

“आलं किस म्हटलं ना. बोलू नको.”

त्यांनी पेज गाळणीतून गाळली, पुन्हा गाळली, गार होऊ दिली. वाटी हातात घेऊन त्या खोलीत गेल्या आणि भावासमोर बसल्या. युकलिन दाराला टेकून उभी राहिली. आज तिला काही म्हणायचं नव्हतं. आज तिचं काम वन्सं करणार होत्या.

“हंसाची पेज आहे,” वन्सं म्हणाल्या.

आ-तिमनं चमकून वर पाहिलं. “ताई, तू...”

“मी केलीय. मी सांगतेय, खा. जे व्हायचं ते माझ्या डोक्यावर.”

आ-तिमनं वाटीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग दाराकडे, युकलिनकडे. जायला वाट नव्हती. त्यानं तोंड उघडलं. वन्संनी चमचा आत दिला.

पेज त्याच्या तोंडात राहिली. त्यानं तोंड मिटलं आणि तो हसायला गेला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गळ्याची घाटी वर गेली, तिथंच अडली, खाली आली.

“गरम आहे,” तो कसाबसा म्हणाला. पेज ओठांच्या कडेनं ओघळली.

“गरम नाही,” वन्सं म्हणाल्या. “मी मनगटावर थेंब टाकून बघितलाय.”

“मीठ...”

“मीठ घातलंच नाही.”

त्यानं पुन्हा गिळायला घेतलं. युकलिनची नजर त्याच्या हाताकडे गेली. खाटेची कड त्यानं अशी धरली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पूर आला की दोर असा धरतात. आणि तिला दिसू लागलं, एकामागून एक, सगळं : पाण्याचा पेला तोंडाला लावून तसाच खाली ठेवणं, पेज गार होईपर्यंत खिडकीशी बसून राहणं, रात्री उशीत तोंड खुपसून निजणं, आणि दर वेळी तेच वाक्य, ताई नको म्हणते. ती त्या वाक्यावर चिडायची. ती वन्संवर चिडायची. वाटीवर, माशावर, फोनवर, सगळ्या जगावर चिडून झालं होतं तिचं.

ती पुढं झाली, त्याच्या हनुवटीखाली रुमाल धरला. “थुंक,” ती म्हणाली.

तो मान हलवू लागला.

“थुंक रे. कुणी बघत नाहीय.”

तो थुंकला. पेजेत रक्ताची तार होती. वन्संच्या हातातली वाटी कलंडायला आली, युकलिननं ती सावरली आणि खाली ठेवली.

“हंसामुळं नाही हे,” ती वन्संना म्हणाली. “हे आधीचं आहे.” मग ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला. आवाज चढवायची गरज नव्हती, आणि तिनं तो चढवलाही नाही. “आता पथ्य नाही. ताईनं सोडलं. आता सांग.”

आ-तिम रुमालाकडे पाहत होता.

“दाजींनी सांगून टाकलं होतं,” तो म्हणाला. “दाजी कण्हले, तर डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. मग ते घरीच आले. मी बोटीवरून त्यांना आपल्या काठाला आणलं होतं.” त्यानं आवंढा गिळला आणि त्या एवढ्याशा आवंढ्यानंही त्याचा चेहरा पिळवटला. “माझं थांबायला नको.”

“वेड्या, दुखणं थांबवायला औषध देतात,” युकलिन म्हणाली. “ती डॉक्टर पोरगी रोज विचारते तुला. दुखतं का, दुखतं का. तू म्हणालास तर ती औषध देईल, तू जेवशील, मग सलाइन चालेल.”

“खरं?”

“चल, आत्ता विचारू तिला. पण तिथं तुला बोलायला लागेल. माझ्या तोंडानं नाही, तुझ्या तोंडानं. आधी इथं बोल.”

वन्संनी सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. लहानपणी त्याला बोलतं करायच्या तशा, खाली वाकून, त्यांनी विचारलं, “कुठं रे, बाळा?”

आ-तिमनं हात वर नेला. घशाला लावला, जबड्याला, कानामागं, मग जिभेवर बोट ठेवलं. बोट ठेवायला जागा पुरेना.

“दुखतं,” तो म्हणाला. आवाज फुटला नाही, नुसती हवा आली, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. “पाणीसुद्धा दुखतं, ताई. फार दुखतं मला.”